टायर कोण खातंय?

अलाइनमेंटच्या मशीनवर सगळे आकडे हिरवे आले की गिऱ्हाईक खूश होतं आणि माझी पंचाईत सुरू होते. गाडी टायर खातेय म्हणून तर त्यानं ती आणलेली असते. आकडे तांबडे असते तर टाय रॉड फिरवून, चाकं सरळ करून, पैसे घेऊन गाडी बाहेर काढता आली असती. सगळंच हिरवं म्हणजे टायर खाणारा दुसराच कुणीतरी आहे, आणि तो मशीनला दिसत नाही.

कराडला पुणे-बेंगळुरू महामार्गालगत माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. ट्रकवाल्यांशी आमची गाठ रोजची. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांचे टायर येतात, आणि ते बघून देव आठवतो. पण इथून पश्चिमेला वळलं की पाटण, पुढं कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. त्या पट्ट्यातल्या आडगावांना पावसाळ्यात गाडी न्यायची तर चारही चाकांना ओढ असलेली गाडी लागते. पूर्वी तिकडून जिप्सी आणि जुन्या जीप यायच्या. आता थार येतात, जिम्नी येतात, एखादी गुरखा येते. यातल्या निम्म्या शहरातल्या हौशी लोकांच्या असतात. त्यांच्या फोर बाय फोरच्या लिव्हरला कधी हातच लागलेला नसतो, त्यामुळं त्यांचे टायर इतर कुठल्याही गाडीसारखेच झिजतात. माझं डोकं खातात त्या उरलेल्या निम्म्या, खरोखर कामाला जुंपलेल्या गाड्या.

माझे वस्ताद कॉम्प्युटर येण्याच्या आधीच्या काळातले. दोरी, मोजपट्टी आणि डोळा यांवर ते ट्रकची पुढची चाकं सरळ करायचे. गाडी दुकानात आली की हत्याराला हात लावायच्या आधी टायरवरून तळवा फिरवायचा, हा त्यांचा दंडक. तळवा एकदा आडवा फिरवायचा, म्हणजे टायरच्या आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेकडे आणि परत. मग उभा, म्हणजे टायर ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेनं आणि उलट. एका दिशेनं गुळगुळीत लागलं आणि परत येताना बोटांना धार लागली, तर टायर त्या रेषेत घासला गेलाय.

झीज कुठं आणि कशी झालीय यावरून अर्धं निदान होतं. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, हे आता पंक्चरवाल्याचा पोरगाही सांगतो. एकच कड गेली असेल तर चाक कलंडलंय, म्हणजे कॅम्बरची भानगड, किंवा टो बिघडलाय. आडवा तळवा फिरवताना करवतीसारखे दाते लागले तर टो बिघडलाय हे जवळपास नक्की. टायरवर जागोजागी खड्डे पडल्यासारखे खोलगट भाग दिसले तर शॉकअप गेलाय किंवा चाकाचं बॅलन्सिंग नाही. उभा तळवा फिरवताना एकेका ठोकळ्याचं एक टोक उंच आणि दुसरं खाली लागलं तर ती टाच-चवड्याची झीज. ती थोड्याफार प्रमाणात प्रत्येक गाडीत असते, त्यामुळं कुणी तिच्याकडं फारसं बघत नाही. मी बघतो.

टो म्हणजे पुढची दोन चाकं एकमेकांकडं किती वळलेली आहेत याचं माप. चाक सरळ रेषेपासून एक अंश जरी फिरलेलं असलं, तरी गाडी एक किलोमीटर जाईपर्यंत तो टायर सतरा मीटरांहून जास्त आडवा घासला जातो. अंशाचा दहावा भाग चुकला तरी किलोमीटरमागं पावणेदोन मीटर. टायर वेळेआधी झिजायला एवढंही पुरतं. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण पुढं मला तो दुसऱ्या एका हिशेबाशेजारी मांडायचा आहे.

कोयनेकडच्या एका डॉक्टरांची गाडी माझ्याकडं आली तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता आणि नाव सांगितलं की लोक उरलेलं ऐकत नाहीत. साधी, लिव्हरवर चालणारी फोर बाय फोर. रोजच्या चालीत फक्त मागची चाकं ओढणार, गरज पडली की लिव्हर ओढून पुढचीही जोडायची. तक्रारी दोन होत्या. पुढचे टायर बघता बघता संपत आले होते, आणि गाडी साठच्या पुढं गेली की खालून घुंऽऽ असा आवाज यायचा. याआधी दोन ठिकाणी अलाइनमेंट झालं होतं. आवाजासाठी एका गॅरेजनं पुढच्या चाकाचं बेअरिंगही बदललं होतं. आवाज तसाच राहिला.

डॉक्टर शांत माणूस, पण वैतागले होते. म्हणाले, "मी पेशंटला तीन ठिकाणी पाठवलं असतं तर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या."

मी आधी आवाजाच्या मागं लागलो. बेअरिंगचा आवाज आणि टायरचा आवाज सारखाच वाटतो, पण दोघांच्या सवयी वेगळ्या. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावीकडं-उजवीकडं केलं की गाडीचं वजन एका बाजूच्या चाकांवर जातं. बेअरिंग खराब असेल तर एका बाजूला वळताना आवाज वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो. टायरचा आवाज बदलतो तो रस्त्याच्या पोतावर. डांबरावरून सिमेंटच्या पट्ट्यावर गाडी गेली की त्याचा सूरच फिरतो. या गाडीचा आवाज वळताना बदलला नाही, सिमेंटवर मात्र बदलला. बेअरिंगचे पैसे फुकट गेले होते. तसं डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतं.

मग गाडी रॅकवर घेतली. पुढचा टो हद्दीत, कॅम्बर हद्दीत, डाव्या-उजव्यात फरक नगण्य. मागचा ॲक्सल सलग दांड्याचा. तिथं फिरवायला काही नसतं, पण खड्ड्यात आपटून दांडा वाकला असेल किंवा ॲक्सल एका बाजूला सरकला असेल तर मागची चाकं गाडीला तिरकी ढकलतात आणि झीज पुढं दिसते. म्हणून मागचेही आकडे घेतले. तेही सरळ. बॉल जॉइंट हलवून बघितले, बुश बघितले, शॉकअप दाबून बघितले, चाक बारा-सहाच्या आणि नऊ-तीनच्या जागी धरून हिसडलं. खुळखुळ कुठंच नाही. थंड टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणं. हिरवंगार पान छापून निघालं आणि आमचा पोऱ्या म्हणाला, "मालक, ओके आहे."

टायर ओके नव्हते. पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा जास्त गेल्या होत्या. घाटातल्या वळणांच्या गाडीत ते थोडं होतंच. पण उभा तळवा फिरवल्यावर बोटं अडकत होती. प्रत्येक ठोकळ्याला धार. मागच्या टायरवर हात फिरवला, तिथंही धार, पण उलट्या दिशेनं. पुढच्या टायरवर जिथं बोट घसरत होतं, तिथं मागच्या टायरवर ते अडत होतं.

मागून ओढणाऱ्या गाडीत हा फरक थोडा असतोच. पुढची चाकं फक्त ब्रेकच्या वेळी जोर लावतात, मागची ओढतानाही लावतात. त्यामुळं दोघांच्या ठोकळ्यांची टोकं वेगवेगळी झिजतात. पण इतकी नाही. इथं पुढचे टायर जणू कायम ब्रेक लागल्यासारखे फरफटत गेले होते आणि मागचे कायम जोर लावून घसरले होते. एकाच गाडीची पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत होती. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी उभी असते. उभ्या गाडीची चाकं भांडत नाहीत.

एवढं कळल्यावर दोन गोष्टी बघायच्या उरल्या. पहिली खडूनं बघता येते. चारही टायरवर जमिनीला टेकतात तिथं खडूची रेघ मारली. गाडी टू-व्हीलवर ठेवून सपाट जागेत सरळ रेषेत हळूहळू पुढं घेतली, मागची रेघ दहा वेळा खाली येईपर्यंत. दहाव्या फेरीला मागच्या रेघा बरोबर खाली होत्या. पुढच्या रेघा त्यांच्यापुढं निघून गेल्या होत्या, टायरच्या घेरावर चांगली वीतभर. म्हणजे पुढचे टायर मागच्यांपेक्षा लहान होते. साइझ तीच, कंपनी तीच. मग फरक कुठला?

डॉक्टरांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. आदल्या वर्षी मागच्या एका टायरची भिंत जांभ्याच्या धारदार दगडानं चिरली. एक टायर जुना आणि एक नवा नको म्हणून त्यांनी दोन नवे घेतले. टायरवाल्यानं ते मागं बसवले. पुढचे तोवर निम्मे झिजलेले होते. बसवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. साध्या गाडीला दोनच नवे टायर घालायचे तर ते मागं घालावेत, हा सल्ला बरोबरच आहे. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गिरकी घेते आणि सामान्य माणसाला ती सावरता येत नाही. मीही इतर गाड्यांना तेच सांगतो. हा सल्ला फक्त लिव्हरवाल्या गाडीला लागू पडत नव्हता, आणि का पडत नव्हता ते सांगायला थोडी आकडेमोड करावी लागेल.

नव्या आणि निम्म्या झिजलेल्या टायरच्या नक्षीच्या खोलीत चार मिलिमीटरांचा फरक धरा. म्हणजे टायरची त्रिज्या चार मिलिमीटरनं कमी, आणि घेर पंचवीस मिलिमीटरनं. या साइझच्या टायरचा घेर साधारण अडीच मीटर. म्हणजे एक टक्का. वजनाखाली दबलेल्या रेडियल टायरमध्ये प्रत्यक्ष फरक याहून काहीसा कमी भरतो, पण हिशेबाला एक टक्का चालेल. एक टक्का म्हणजे किलोमीटरमागं दहा मीटर. गाडी टू-व्हीलवर असेल तर या दहा मीटरांचं कुणालाच काही वाटत नाही. पुढची चाकं मोकळी असतात, ती आपली थोडी जास्त फिरतात. पण लिव्हर फोर-व्हीलवर गेला की ट्रान्स्फर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. दोघांनी सारखेच फेरे घ्यायचे. मग ते दहा मीटर कुणीतरी घासून भरून काढावे लागतात. वर टोचा हिशेब सांगितला होता तो आता बघा. दशांश अंशाचा बिघाड म्हणजे किलोमीटरमागं पावणेदोन मीटर, आणि इथं सरळ रस्त्यावरच दहा.

वळणावर हे आणखी वाढतं. मळणीला तिवड्याभोवती बैल फिरवलेले ज्यांना आठवतात, त्यांना सांगायला नको: तिवड्यालगतचा बैल जागच्या जागी फिरतो आणि कडेच्या बैलाला धाप लागेपर्यंत चालावं लागतं. गाडी वळताना तेच होतं. डाव्या-उजव्या चाकांतला फरक डिफरन्शियल सांभाळतो. पण पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्येही फरक असतो हे बहुतेकांच्या गावी नसतं. घाटातलं एक तीव्र वळण घ्या. मागच्या ॲक्सलचा मध्य सहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातोय आणि दोन ॲक्सलमधलं अंतर अडीच मीटर आहे. शाळेतला पायथागोरस लावला की पुढच्या ॲक्सलची त्रिज्या साडेसहा मीटर येते. अर्ध्या वर्तुळाचं वळण पुरं होईपर्यंत पुढची चाकं मागच्यांपेक्षा दीड मीटरहून जास्त अंतर चालतात. कोरड्या रस्त्यावर लिव्हर फोर-व्हीलवर असेल तर हे दीड मीटर शाफ्टना पीळ घालतात, आणि पीळ असह्य झाला की कुठला तरी टायर घसरून तो सोडवतो. चिखलात, वाळूत टायर सहज घसरतो, म्हणून तिथं कळतही नाही. डांबरावर टायर आधी शाफ्टशी भांडतो, मग घसरतो.

आता दोन्ही जोडून बघा. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर जायचं असतं. त्यात पुढचेच टायर लहान, म्हणजे त्यांना सरळ रस्त्यावरही जास्त फेरे हवेत. दोन्ही कारणं एकाच दिशेनं ओढणारी. पुढचे टायर फरफटणार, फरफटून आणखी झिजणार, झिजून आणखी लहान होणार. उलट, नवे टायर पुढं घातले असते तर वळणावर तरी थोडी फिटंफाट झाली असती. बरोबर सल्ल्यानं बसवलेले टायर या गाडीला असे भोवले.

पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा लिव्हर फोर-व्हीलवर असेल. ही दुसरी गोष्ट. मी डॉक्टरांना विचारलं, "डांबरावर कधी फोर बाय फोर लावता?"

"कधीच नाही. गाडी घेताना दिलेलं पुस्तक मी वाचलंय."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला. टायरवर मात्र दुसरंच काही लिहिलं होतं. अशा वेळी गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. गाडी कुणी कुणी चालवतं, एवढं विचारायचं. डॉक्टर गाडी चालवतात ती गावातल्या गावात आणि महिन्यातून कधी पुण्याला. आठवड्यातून काही दिवस गाडी वाड्या-वस्त्यांवर जाते, तेव्हा स्टिअरिंगवर तात्या असतात. तात्या म्हणजे त्यांच्या दवाखान्यातले जुने माणूस. औषधं देण्यापासून गाडी चालवण्यापर्यंत सगळं करणारे. मी म्हटलं, पुढच्या वेळी तात्यांना पाठवा.

तात्या आले. बोलायला मोकळे, गाडीवर जीव. मी त्यांना लिव्हरबद्दल काही विचारलं नाही. त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, चला, एक चक्कर मारू. परत येताना गप्पांत ते आपणहून म्हणाले, "एकच खोड हाय बघा हिला. कधीकधी लिव्हर टू-व्हीलला येतच नाय. पण काय नाय ओ, जरा रिव्हर्स घेतली की सुटतोय."

सगळं तिथंच सापडलं. शाफ्टना पीळ बसला की ट्रान्स्फर केसमधला दात दाबाखाली अडकतो आणि लिव्हर हलत नाही. गाडी थोडी मागं घेतली की पीळ उलगडतो आणि लिव्हर लोण्यातून यावा तसा येतो. पीळ बसतो तो फक्त न घसरणाऱ्या रस्त्यावर. म्हणजे घाटातल्या डांबरावर ही गाडी फोर-व्हीलवर चालत होती, आणि तीही चांगला वेळ.

तात्यांची कहाणी ऐकली तर त्यांना दोष देववत नाही. जून ते ऑक्टोबर कोयनेच्या खोऱ्यात पाऊस म्हणजे काय, ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. धुकं असं की बोनेटचं टोक दिसत नाही. डोंगरावरून माती आणि दगड रस्त्यावर येतात. एका वळणावर स्वच्छ डांबर, पुढच्या वळणावर पाऊल रुतेल इतका चिखल. दर वळणाला कोण लिव्हर हलवणार? म्हणून ते खोरं लागलं की फोर-व्हील लावायचे आणि घरी परतल्यावर अंगणात रिव्हर्स घेऊन सोडवायचे. डॉक्टर सकाळी गाडीत बसायचे तेव्हा लिव्हर टू-व्हीलवर. दोघंही खरं बोलत होते. टायरबद्दल आजवर सगळे डॉक्टरांनाच विचारत आले होते.

पूर्वीच्या काही जीपना पुढच्या हबवर हातानं फिरवायची कळ असायची. फोर-व्हील लावायचं तर चिखलात उतरा, दोन्ही चाकांपाशी वाका, कळ फिरवा. परतताना पुन्हा तेच. माणूस एवढा मेटाकुटीला यायचा की काम झाल्या झाल्या कळ सोडायलाही आठवणीनं उतरायचा. आता बसल्या जागी लिव्हर ओढता येतो, काही गाड्यांत तर नुसतं बटण असतं. सोय चांगलीच आहे. विसरणंही सोयीचं झालंय.

तात्यांना दुकानामागच्या कोरड्या आवारात एक प्रयोग करून दाखवला. फोर-व्हील लावून स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडी अगदी हळू गोल फिरवली. गाडी जड झाली, अडखळत गेली, मग एकदम उसळी मारल्यासारखी हलली. ती उसळी म्हणजे टायर घसरून पीळ सुटल्याची. प्रयोग एका फेरीवर थांबवला, कारण प्रत्येक उसळीचा खर्च टायर आणि गिअरचे दात भरतात. तात्या उतरले, टायरपाशी वाकले आणि हात फिरवून म्हणाले, "असं व्हय." नंतर ठरलं ते एवढंच: चिखल आला की लावायचं, स्टिअरिंग सरळ असताना. डांबर आलं की काढायचं. बारका ओला भाग असेल तर टू-व्हीलवरच दमानं जायचं. पावसात वेग वाढला की पकड आणखी कमी होते, ती लिव्हरनं भरून निघत नाही. चढ खरोखर वाईट असेल तर थांबून फोर-व्हीलचा लो गिअर लावायचा. हे तात्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. कुणी कारण सांगितलं नव्हतं, एवढंच.

टायरांचं काय करायचं यावर मात्र डॉक्टरांशी घासाघीस झाली. त्यांचं म्हणणं, पुढचे दोनच बदला, मागचे अजून चांगले आहेत. पुढचे 1.6 मिलिमीटरच्या खुणेजवळ आले होते. कायद्यानं चारचाकीला नक्षी एवढी तरी खोल लागते आणि टायरच्या खोबणीत उंचवट्यानं ती खूण दाखवलेली असते. त्यामुळं ते बदलायचेच होते. पण दोनच बदलले तर आता पुढचे मोठे आणि मागचे लहान, गाणं उलट्या सुरात तेच. शिवाय मागच्यांवरही धारा आल्या होत्या, आवाज राहणारच. मी चारही एकाच वेळी, एकाच नक्षीचे घ्यायला लावले. रक्कम ऐकून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागच्या दोनांपैकी चांगला होता तो स्टेपनीला ठेवला, आणि स्टेपनी लावलेली असताना फोर-व्हील लावायचं नाही हेही तात्यांना बजावलं, अगदी नाइलाज असेल ते सोडून.

माझ्या मते अशा गाडीला पाच टायर घ्यावेत आणि पाचही फिरते ठेवावेत. स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर पाच-आठ हजार किलोमीटरला तीही फेऱ्यात घालायची. म्हणजे एखादा टायर फाटला तरी उरलेल्या चारांची उंची सारखी राहते. लोक स्टेपनी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी जपतात. सहा वर्षांनी ती कोरी करकरीत निघते आणि रबर कडक झालेलं असतं. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचून बघा.

लिव्हर नसलेल्या, आपोआप चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाड्यांचा मामला वेगळा. त्यांत मध्ये डिफरन्शियल तरी असतो किंवा क्लचची जोडणी असते, त्यामुळं वळणाचा पीळ बसत नाही. पण टायरच्या उंचीतला फरक त्यांनाही सोसत नाही. मधली जोडणी रात्रंदिवस थोडी थोडी घसरत राहते आणि तापते. टायर चांगले दिसतात आणि खर्च निघतो तो टायरच्या कितीतरी पट. चारही टायरमध्ये किती फरक चालेल ते त्या गाड्यांच्या पुस्तकात बहुधा दिलेलं असतं, आणि ती मर्यादा मिलिमीटरांतच असते. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं, न उघडलेलं.

डॉक्टरांची गाडी पुढचा पावसाळा काढून आली तेव्हा मी खोली मोजली. पुढच्या आणि मागच्या टायरमधला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. उभा हात फिरवला तर थोडी धार होती, असायची तेवढी. लिव्हर अडकतो का विचारलं तर तात्या म्हणाले, नाही.

तेव्हा फोर बाय फोर टायर खातेय म्हणून कुठल्याही दुकानात जाल तेव्हा दोन टायर कधी बदलले त्याची तारीख सांगा, स्टेपनीही दाखवा, आणि गाडी सगळ्यात जास्त जो चालवतो त्यालाच किल्ली देऊन पाठवा.